जुन्या घरातील काळवंडलेली चूल आणि अंधारे कोपरे कसे उजळावेत?

आर्वीकर_सूनबाई

आर्वी तालुक्यातील आमचे घर सुमारे 70 वर्षांपूर्वीचे असून त्याच्या भिंती मातीच्या आहेत आणि छप्पर कवेलूंचे आहे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वैलासह मोठी चूल आहे. गॅस आल्यापासून ती रोज पेटत नाही. परंतु मांडे, रोडगे आणि वांग्याचे भरीत अजूनही तिच्यावरच होते, त्यामुळे ती काढून टाकण्यास सासूबाईंचा ठाम विरोध आहे. (खरे सांगायचे तर माझाही आहे.) अडचण अशी की चुलीमागची भिंत आढ्यापर्यंत काळी झाली आहे. मागील दिवाळीत आम्ही तिच्यावर डिस्टेंपरचे दोन हात दिले. महिनाभरात त्यातून पिवळे-तपकिरी डाग वर आले आणि पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटले. याशिवाय माजघरात दुपारीही दिवा लावावा लागतो आणि तेथील दोन कोनाडे म्हणजे निव्वळ काळी भोके वाटतात. चूल न मोडता या जागा प्रसन्न करण्याचा अनुभव कोणास असल्यास कृपया सविस्तर कळवावे.

जुना_कवेलू

ताई, दोष रंगाचा कमी आणि क्रमाचा अधिक आहे. पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) आणि ओलसर लाकूड जळताना केवळ काजळी निघत नाही, तर धुरातील डांबरासारखा चिकट अंशही भिंतीवर बसत जातो. पाण्यात कालवलेला रंग त्यावर लावला की तो अंश ओला होऊन रंगासोबत पृष्ठभागावर येतो. तेच आपले तपकिरी डाग. म्हणून प्रथम कोरड्या काथ्याच्या ब्रशने वरून खाली काजळी झाडावी. ओले फडके मुळीच फिरवू नये, कारण त्याने काजळी निघण्याऐवजी भिंतीत मुरते. डिस्टेंपरचा उरलेला थर आणि जेथे हाताला तेलकटपणा लागतो तेथील पोपडा खरवडून काढावा, तेवढ्या जागी चाळलेली माती, गव्हाचा भुसा आणि शेण यांचा नवा लेप द्यावा, आणि तो पूर्ण वाळल्यावरच पोतारायला घ्यावे.

पोतारण्यासाठी कळीचा चुनाच वापरावा. तो विरवताना पाण्यात चुना थोडाथोडा सोडावा. चुन्यावर पाणी ओतू नये, कारण तो उसळून डोळ्यांत उडतो. भांडे लोखंडी असावे, प्लास्टिकची बादली त्या उष्णतेने वाकते. दुसऱ्या दिवशी ते पाणी फडक्याने गाळून पातळ ताकासारखे करावे, त्यात भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घालावी, आणि भिंतीवर आधी पाणी शिंपडून मगच हात द्यावा. ओला चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो, त्यामुळे अनेकजण घाबरून दाट थर लावतात आणि तोच पुढे पापुद्र्याने सुटतो. चुना वाळताना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो, आणि त्याची खरी पांढराई तेव्हाच दिसते. एक दाट हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्यावेत.

पांढरकवडा_माहेर

माझ्या माहेरी चुलीमागे सरळ पांढऱ्या टाइल्स बसवल्या. ओल्या कापडाने पुसले की काम झाले. चुन्याचा खटाटोप दरवर्षी कोण करणार?

जुना_कवेलू

आपल्या माहेरची भिंत पक्क्या विटांची असल्यास टाइल्स टिकतील. मातीची भिंत मात्र पावसाळ्यात ओल घेते आणि पुढे हळूहळू सोडते. तिच्यावर सिमेंट आणि टाइल्स चढवल्या की ती ओल आतच कोंडते, माती भुसभुशीत होते आणि काही वर्षांनी टाइल्स मातीसह सुटून येतात. ताईंचा रंग पावसाळ्यात सुटला, त्याचेही हेच कारण असण्याचा संभव आहे. टाइल्स हव्याच असतील तर गॅसच्या ओट्याच्या वरच्या बाजूला बसवाव्यात. सिमेंटच्या गिलाव्यावर धुराचे डाग असतील, तर सुतार फ्रेंच पॉलिशसाठी वापरतात ती चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून आधी तिचा एक हात द्यावा. तिच्यातून डाग वर येत नाहीत. मातीच्या भिंतीला मात्र लाख लावू नये. आणि स्पिरिट पटकन पेट घेते, म्हणून त्या दिवशी घरात ना चूल पेटवावी ना गॅस.

निवृत्त_गुरुजी

पांढरा चुना आहे तोच उजेड परावर्तित करील, नवा उजेड आणणार नाही. माजघरासाठी छपरात दोन-तीन काचेची कवेलू बसवावीत. आपल्या भागात मे महिन्याच्या अखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे उत्तरेच्या उतारावर बसवलेल्या काचेतूनही ऊन थेट आत येते, हे मी स्वतः घामाघूम होऊन शिकलो. तेव्हापासून आम्ही चैत्रात त्या काचांवर पातळ चुना फासतो आणि मृगाचा पाऊस तो धुऊन नेतो. कोनाड्यांच्या आतील बाजू पोतारून कडेला गेरूची बोटभर पट्टी ओढावी, आणि आत पिवळसर प्रकाशाचा छोटा एलईडी दिवा असा ठेवावा की दिवा दिसू नये, फक्त उजळलेली भिंत दिसावी.

चुलीच्या वरची मोकळी भिंत रंगानेच सजवावी असे नाही. सेवाग्रामच्या बापू कुटीत गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी मातीच्या भिंतीवर मातीनेच उठावाची ताडाची झाडे घडवली आहेत. आर्वीहून तेथे जाणे कठीण नाही, एकदा सासूबाईंना घेऊन अवश्य पाहून यावे. तशी एखादी वेल किंवा कणीस लेप ओला असतानाच उठवता येईल आणि त्यावरून पुढेही चुना देता येईल.

आर्वीकर_सूनबाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल एका हातभर जागेवर कोरडा ब्रश फिरवून पाहिला, तर मागील वर्षीच्या रंगाखाली जुन्या चुन्याचे निदान चार-पाच थर निघाले आणि सर्वांत खालच्या थरात निळीची छटा अजून टिकून आहे. ते पाहून सासूबाईंनी स्वतःच लेपासाठी माती चाळायला घेतली. कणीस तुरीचे की ज्वारीचे, यावर मात्र घरात एकमत नाही. तुरीला शेंगा असतात, कणीस नसते, हे मी अजून त्यांना सांगितलेले नाही. गुरुजी, काचेची कवेलू जुन्या गावठी कवेलूंच्या मापात बसतात का, की त्यासाठी खालच्या पट्ट्या हलवाव्या लागतात?

निवृत्त_गुरुजी

गावठी कवेलू हाताने घडवलेली असल्याने त्यांचे माप एकसारखे नसते. आपले एक कवेलू सोबत नेऊन त्याच्याशी जुळेल तीच काच घ्यावी. जुळलीच नाही, तर तेवढ्याच भागात पट्ट्या हलवाव्यात, आणि काचेच्या वरचे कवेलू तिच्यावर चार बोटे तरी चढलेले असावे, नाहीतर पहिल्याच पावसात माजघरात धार लागेल.