इंग्रजीत साध्या गप्पा मारायची सवय कशी करायची? मदत हवी आहे (सोलापूर)

नमस्कार. मी सोलापूरची, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात एक्स्पोर्टचं काम बघते. शिक्षण मराठी मीडियम, बी.कॉम. मेल, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट सगळं मीच करते, आणि फोनवर पण जीएसएम (टॉवेलच्या कापडाचं दर चौरस मीटरला वजन) किती, शेड कुठली, कंटेनर न्हावा शेवा बंदराला कधी पोचणार असं विचारलं की धडाधड सांगते, कारण ते शब्द रोजचेच आहेत.

अडतं ते त्याच्या आधीच्या दोन मिनिटांत. बाहेरचे बायर व्हिडिओ कॉलवर आले की लगेच कामाचं काढत नाहीत, आधी 'हाऊ वॉज युअर वीकेंड', तुमच्याकडं ऊन किती, घरी कोण कोण असतं, असं चाललेलं असतं आणि तिथं मी 'फाईन, थँक यू' म्हणून गप्प. समोरचा आपुलकीनं विचारतोय आणि आपल्याला पुढं काही सुचंना, याचं फार वाईट वाटतं. जानेवारीत एकानं विचारलं, मागं आवाज कसला येतोय? गड्डा चालू होता. मला सांगायचं होतं की सिद्धेश्वराची यात्रा आहे, सात नंदीध्वज निघतात, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं ते उंच नंदीध्वज तोलत नेतात, अक्षता पडतात, अख्खं शहर रस्त्यावर असतं. तोंडातून निघालं एवढंच, 'इट इज फेस्टिव्हल'. तो माणूस अजून ऐकायला तयार होता हो.

एका क्लासला जाऊन बघितलं. टेन्सचे तक्ते पाठ करून घेतात, बॅच एवढी मोठी की बोलायची पाळीच येत नाही. मला ते नकोय. मी सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत वाढले, तेलुगू मला छान येते आणि ती कुणी शिकवली नाही, शेजारच्या काकूंशी भाजी काय केली, पाणी कधी येणार, पोराचं लग्न ठरलं का असल्या बोलण्यातूनच आली. मग इंग्रजी पण अशाच विषयांवर बोलून यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. संध्याकाळी बहिणीबरोबर रोज एक विषय घेऊन बोलतो, जेवण, प्रवास, बाजार, पण दोघींनाही सेम शब्द येतात आणि चुकलं तर सांगणार कोण? काकूंच्या घरी चुकलं की त्या लगेच नीट करून सांगायच्या, ती सोय इथं नाही.

तर विचारायचंय की सुरुवात कुठल्या विषयांनी करू, चुका कशा कळतील, आणि सोलापुरात सरावाला सोबत कुणी आहे का?

प्रतिसाद १
ताई, विषय शोधत बसू नका, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतले स्पीकिंगचे प्रश्न घ्या, परीक्षा द्यायची नसली तरी. पहिल्या भागात घर, काम, आवडीनिवडी असलेच प्रश्न असतात, चार-पाच मिनिटं. दुसऱ्या भागात एक विषय देतात, एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. हे फोनवर रेकॉर्ड करा, ऐका आणि लगेच तोच विषय परत बोला. दुसऱ्या वेळी तुमचं तुम्हालाच कळतं कुठं अडकलात ते. चुकांसाठी फोनवरच्या एआयशी आवाजात बोला, पण त्याला आधीच सांगा की मधे टोकू नको, शेवटी सांग. सारखं टोकलं की बोलणंच बंद पडतं.

प्रतिसाद २
वीकेंडचं उत्तर म्हणजे सगळा भूतकाळ, त्यामुळं वेंट, केम, एट, बॉट, मेट, सॉ, टुक एवढी क्रियापदं आधी तोंडात बसवा. 'डिड यू वेंट' हे आपल्याकडं सर्रास ऐकू येतं, डिड आलं की पुढं गो. आणि उत्तर एका वाक्यावर सोडू नका, एक जादाची गोष्ट सांगा आणि प्रश्न परत करा. 'इट वॉज नाइस. माय कझिन्स केम ओव्हर अँड वी ऑल एट टुगेदर. हाऊ अबाऊट यू?' मग पुढं तो बोलतो, तुम्हाला दम खायला वेळ मिळतो.
मी जुळे सोलापूरला राहते, बँकेत आहे, मला पण सराव पाहिजेच. रविवारी सकाळी फोनवर अर्धा तास बोलूया का? मराठी बिलकुल नाही.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. प्रश्न परत करायचा हे माझ्या डोक्यातच नव्हतं, मी नुसती उत्तराची तयारी करत होते. आज रात्री बहिणीबरोबर गड्ड्याचा विषय घेते, दोन मिनिटं, रेकॉर्ड करून.
ताई, रविवार नक्की, मेसेज करते. पहिला विषय उन्हाळा घेऊया का? मेमध्ये ४२-४३ च्या पुढं गेलं की प्रत्येक कॉलवर तेच विचारतात.
आणि अजून एक, समोरचा फार भरभर बोलला आणि कळलंच नाही तर 'पार्डन' सोडून दुसरं काय म्हणता तुम्ही लोक?