फिल्टर लावूनही मुलगी सगळं वाचतेय, मग उपयोग काय? (नाशिक)

त्रस्त_बाबा
तातडीने मदत हवी आहे. मुलीच्या चष्म्याच्या काचेला डॉक्टरांनी आतून धूसर फिल्टर चिकटवून दिलाय, ०.३ चा. दीड महिना झाला. काल घरी तक्ता लावून तपासलं, तर फिल्टरमधून ६/९ ची, म्हणजे खालची बारीक अक्षरांची ओळ धडाधड वाचतेय! ०.३ म्हणजे तीसच टक्के दिसायला हवं ना? साधं प्लास्टिक चिकटवून पैसे घेतले की काय? सोमवारी जाब विचारायला जातोय, त्याआधी सांगा.

सिडकोकर
वय? कुठला डोळा? फिल्टर कशासाठी? पत्रिका न देता भविष्य विचारताय.

त्रस्त_बाबा
आळशी डोळ्यासाठी, म्हणजे मेंदू ज्या डोळ्याकडून नीट काम घेत नाही तो. आणखी कशाला लावतात? सहा वर्षांची आहे. उजवा.

सिडकोकर
उजवा आळशी, की उजव्यावर फिल्टर?

त्रस्त_बाबा
उजवा आळशी. फिल्टर डाव्यावर, म्हणजे चांगल्यावर.

मेघना_गंगापूररोड
चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून तो झाका आणि मोकळे व्हा. माझ्या मुलाला रोज दोन तास लावली, दहा महिन्यांत ६/२४ वरून ६/९ वर आला. फिल्टर म्हणजे नुसते लाड.

पंचवटीने_अपडाऊन
मेघनाताई, तुमचा मुलगा ठेवत होता म्हणून. आमची लेक पट्टी ओढून काढायची, शाळेत मुलं 'चाची चारशेबीस' का काय चिडवायची. फिल्टर कुणाच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेत २०१० साली १८६ मुलांवर तुलना झाली, दोन तास पट्टी विरुद्ध दिवसभर फिल्टर. २४ आठवड्यांनी सरासरी फरक तक्त्याच्या अर्ध्या ओळीपेक्षा कमी!

मेघना_गंगापूररोड
तीच चाचणी पुढे वाचा की. फिल्टर पट्टीपेक्षा कमी पडत नाही, हे ठरवलेल्या निकषावर सिद्ध झालं नाही.

पंचवटीने_अपडाऊन
अर्ध्या ओळीसाठी पोरीला सहा महिने रडवायचं?

निसर्गमित्र
डोळ्यांना स्टिकर कसले लावता? पहाटे गोदाकाठी उगवत्या सूर्याकडे पाच मिनिटं एकटक पाहायचं. माझा चष्मा सुटला.

सिडकोकर
सहा वर्षांच्या पोरीला सूर्याकडे बघायला सांगताय? डोळ्याचा पडदा भाजतो त्याने. अॅडमिन, हा प्रतिसाद उडवा.

भिंगवाली
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, पण मुलीला तपासलेलं नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

आधी तो आकडा. ०.३ म्हणजे तीस टक्के प्रकाश किंवा तीस टक्के नजर नव्हे. निकोप डोळ्यासमोर हा फिल्टर धरला तर नजर साधारण ०.३ वर, म्हणजे ६/१८ च्या आसपास उतरावी (निकोप डोळा अठरा मीटरवरून वाचतो, ते सहा मीटरवरून वाचता येणं), असा त्याचा अर्थ. आकडा जितका लहान, तितका धूसर. ०.२ मधून जेमतेम ६/३०. हे बांगर्टर फिल्टर, स्विस नेत्रतज्ज्ञाच्या नावाचे. फिल्टर प्रकाश अडवत नाही, विखुरतो. धुक्यात हायवेवरच्या पाट्या कशा फिकट होतात, तसं. त्यामुळे अक्षराच्या कडा तर जातातच, काळ्या-पांढऱ्यातला फरकही मंदावतो.

लेबलवरचा आकडा प्रत्येकाला तंतोतंत लागू पडत नाही. शिवाय फिल्टर जुना झाला की धूसरपणा कमी होतो, म्हणून तो अधूनमधून बदलतात.

आता दोन प्रश्न. तक्ता किती अंतरावर होता? आणि उजव्या डोळ्याची नजर किती?

त्रस्त_बाबा
उजवी ६/१२, मागच्या तपासणीत. उजवा डोळा हाताने नीट झाकला होता, फटीतून बघत नव्हती. तक्ता औषधाच्या दुकानातून आणलाय, छापील. अंतर काय, आमच्या हॉलमध्ये मावेल तेवढंच. दहा फूट.

भिंगवाली
तिथेच तर गोम आहे! तो तक्ता वीस फुटांचा, म्हणजे सहा मीटरचा आहे. तुम्ही निम्म्यावर उभं केलंत. ६/९ ची ओळ तीन मीटरवरून वाचली तर ती ३/९ झाली. ३/९ म्हणजेच ६/१८, म्हणजेच जवळपास ०.३. फिल्टर लेबलवर लिहिलंय तेच करतोय.

आणि दोन्ही नजरा शेजारी ठेवून बघा. उजवी ६/१२, फिल्टरमागची डावी ६/१८. आता उजवा डोळा सरस ठरतो, मेंदूला त्याच्याकडून काम घ्यावंच लागतं. हेच तर हवं होतं. उजवी नजर ६/२४ असती, तर मीच म्हटलं असतं की ०.३ पुरेसा आहे का ते विचारा.

घरी बघायचंच असेल तर ती चष्म्याच्या वरून तर बघत नाही ना, ते बघा. फ्रेम घसरली की सगळं मुसळ केरात.

पंचवटीने_अपडाऊन
+१. आमची तर टीव्ही बघताना हनुवटीच खाली घ्यायची. फ्रेम बदलल्यावर थांबलं.

वसंतकाका_सातपूर
उपयुक्त धागा. मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. हा फिल्टर लावल्यावर ऑपरेशन टळेल का?

सिडकोकर
काका, तुमच्या डोळ्यात निसर्गाने आधीच बसवलाय तो. उलट काढायचाय.

त्रस्त_बाबा
भिंगवाली ताई, आभारी आहे. आत्ता दार उघडून पार जिन्यापर्यंत टेप धरून वीस फूट मोजले. ६/१८ च्या ओळीत दोन अक्षरं चुकली, पुढची ओळ येतच नाही. जाब विचारायचं रद्द. पण हो, पोरगी खरंच वरून बघते. सोमवारी फ्रेमचंच विचारतो.

मेघना_गंगापूररोड
आणि पट्टीचंही विचारा.