मदत हवी आहे: आजोबांच्या कट्यारीवरचा गंज कसा काढावा?

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. घरात पिढ्यान्‌पिढ्या आलेली एक कट्यार आहे. दसऱ्याला पाटावर मांडून हळद-कुंकू वाहायचं, आपट्याची पानं ठेवायची, की वर्षभर पुन्हा पेटीत. मागच्या वर्षी आबाजी गेले, आता ती माझ्याकडे आहे.

यंदा म्यानातून काढली तर पात्यावर लाल गंज, अन् मुठीच्या दोन आडव्या दांड्यांवरची चांदीची वेलबुट्टी काळी पडलेली. हे कोफ्तगिरीचं काम आहे, म्हणजे लोखंडावर बारीक चरे पाडून त्यात चांदीची तार ठोकून बसवलेली. एका पाकळीची तार सुटून वर आली आहे, बोटाला टोचते. म्यानाचं लाकूडही दमट लागते.

तालुक्यातला एक कारागीर म्हणाला, मशीनवर बफ मारून चकाचक करून देतो. मी दिली नाही. बफिंगनं तार घासली जाईल, पात्यावर जुनी जौहर, म्हणजे पोलादातली लहरीदार नक्षी, असेल तर तीही जाईल. मोठे बाबा मात्र 'लिंबू-राख लाव' म्हणतात. आंबटानं लोखंड आणखी खाणार नाही का?

सध्या म्यानाबाहेर, कोरड्या सुती कापडात ठेवली आहे. गंजावर कोणतं तेल लावावं? चांदीला ते चालेल का? नागपूरच्या अजब बंगल्यात (मध्यवर्ती संग्रहालयात) शस्त्रांचं दालन आहे, तिथं कोणी असा सल्ला घेतला आहे का?

आणखी एक. पातं ८ इंच लांब, पण मुळाशी सव्वादोन इंच रुंद आहे. शस्त्र नियमांत ९ इंच लांबी अन् २ इंच रुंदीची मर्यादा वाचली. पूजेच्या वस्तूसाठी पोलीस ठाण्यात नोंद कोणी केली असेल तर कृपया सांगा.