मदत हवी आहे: स्पार्क प्लगसाठी काउल काढताना वायपरचा हात अडकलाय

मंडळी, गाडी २००९ सालची पेट्रोल होंडा जॅझ, आता १ लाख किमी पार. प्लग घरीच बदलायला घेतले. चारही प्लग पार मागे, काउलच्या (पुढच्या काचेच्या बुडाशी असतं ते झाकण) पोटात. म्हणजे चार प्लगसाठी आधी वायपर, मग प्लास्टिकचं काउल, मग वायपरची मोटर लिंकेजसकट (वायपर हलवणाऱ्या जोडदांड्या), आणि त्याखालचा पत्रा. आमचे शेजारी म्हणाले, "अरे, निम्मी गाडीच सोडवतोयस की!"

तर गाडी अडलीय पहिल्याच पायरीवर. १४ चा पाना लावून दोन्ही वायपरचे नट सुटले, पण ड्रायव्हरकडच्या वायपरचा हात दांड्याच्या खाचांवरून हलेनाच. चिपळूणचा पाऊस, गंज धरणारच. रस्ट स्प्रे मारून रात्रभर ठेवला, नट अर्धवट लावून हलकं ठोकूनही पाहिलं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटायची भीती वाटते, काच तडकली तर? लहान पुलर (हात ओढून काढायचं अवजार) न आणता कुणी हा सोडवलाय का?

दुसरं, काउलच्या क्लिपा जुन्या प्लास्टिकच्या, एक तर हात लावताच तुटली. नेमक्या त्याच मापाच्या लागतात की दुकानातल्या साध्या चालतील? काचेलगतची रबरपट्टी नीट बसली नाही तर पाणी ब्लोअरमधून आत येईल, आणि पावसाळा तोंडावर आलाय.

प्लग इरिडियमचेच घेतलेत. इंजिन गार असतानाच बसवीन, ते माहीत आहे. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) मात्र नाही. हाताच्या अंदाजाने आवळणारे कितपत आवळता?