स्लॉपी जो (केचपच्या आंबट-गोड सॉसातला खिमा, बनमध्ये भरलेला) घरी कोण कोण करतं? या, अनुभव सांगा

खमंग_खारी
आज दुकानात केचपच्या शेजारच्या फळीवर मॅनविचचा (स्लॉपी जोच्या तयार सॉसचा) डबा दिसला आणि एकदम आयोवातली पहिली थंडी आठवली. नुकते आलेलो आम्ही, गाडी नव्हती, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि शेजारच्या आज्जी फॉइल लावलेलं भांडं घेऊन दारात. म्हणाल्या बन शेकून घे आणि गरम गरम खा. आम्ही दोघं चिकन-मटण खाणारे पण बीफ नाही, मला तर बोलायलाच होईना, शेवटी नवऱ्याने अडखळत सांगितलं. त्यांनी वाईट वगैरे काही वाटून घेतलं नाही, हसल्या आणि भांडं परत घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात तेच भांडं, आत टर्की! आणि मग त्यांच्याच ओट्यापाशी उभी राहून शिकले मी.

आता पाककृती टाकतेच: एक पाउंड खिमा (साधारण ४५० ग्रॅम), चार-पाच बन आरामात होतात. खिमा तापलेल्या कढईत पसरायचा आणि हलवायचा नाही, खालून चांगला तपकिरी झाला की मगच फोडायचा. मग एक कांदा, अर्धी ढोबळी मिरची, लसूण, सगळं बारीक. पाऊण कप केचप, पाव कप पाणी, चमचाभर ब्राउन शुगर, एक छोटा चमचा पिवळी मोहरी (बाटलीतली), मोठा चमचाभर वूस्टर सॉस, मीठ, मिरपूड. मंद आचेवर १५-२० मिनिटं, झाऱ्यावरून ओघळणार नाही इतकं दाट. बटर लावून शेकलेला बन, वर लोणच्याची काकडी. झालं.

तर तुम्ही कशाचा करता, कुणी शिकवला, पोरं खातात का, सगळं लिहा.

ठाकुर्लीचा_बाळ्या
हा तर खिमा पाव झाला की ओ. केचप ओतलं की अमेरिकन 😄

रानवारा
बाळ्या, नाही रे. मलाही आधी तसंच वाटायचं. खिमा पावात आलं-लसूण, गरम मसाला, पुदिना, तेल सुटेपर्यंत परतणं, आणि इराण्याकडे खाल्लास तर वर हाफ फ्राय. यात खडा मसाला एक नाही. आंबट-गोड-खारट आणि मोहरीचा झटका, बास. गरम मसाला घातलास तर खिमा चांगलाच होईल, पण जो नाही होणार. आमच्याकडे नवरा दर वेळी गुपचूप गरम मसाला टाकतो आणि मी दर वेळी ओळखते.

जास्वंदी
तोंडाला पाणी सुटलं!! खारीताई तुम्ही आयोवात कुठे? आमची नणंद सीडर रॅपिड्सला असते

खमंग_खारी
अगं आम्ही तेव्हा डी मॉइनला होतो. आता टेक्सस. सीडर रॅपिड्सला माझी मैत्रीण होती, गणपतीत सगळे तिच्याकडेच जमायचो.

नेवार्कचे_नाना
सावधान मंडळी, न्यू जर्सीत स्लॉपी जो मागाल तर भलतंच येईल. मी ओहायोतून इथे आलो, नव्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात कुणाचा तरी निरोप समारंभ, मेलमध्ये लिहिलेलं "लंचला स्लॉपी जो". मी टाय काढून ठेवला, शर्टाच्या बाह्या सरसावल्या, पूर्ण तयारीत. समोर आला थंडगार तीन मजली सँडविच, पातळ राय ब्रेड, मध्ये थंड मांसाचे काप, स्विस चीज, कोलस्लॉ आणि रशियन ड्रेसिंग, आणि नीट कापलेले तुकडे. एक थेंब सांडला नाही अंगावर. हे म्हणे साउथ ऑरेंजच्या टाउन हॉल डेलीचं (सँडविचचं दुकान), तिथे ते १९३० च्या दशकापासून करतात आणि आसपासच्या गावात लग्नामुंजीपासून (म्हंजे त्यांच्या) शोकसभेपर्यंत सगळीकडे तेच. चव छान आहे हो, पण मला गरम पाहिजे होता. त्या शनिवारी घरी कढईभर केला तेव्हा जीव शांत झाला.

सुगरण_नाहीच_मी
नाना, हसून हसून पुरेवाट, टाय काढून 😂😂

मुगाचा_लाडू
आम्ही शाकाहारी. सोया ग्रॅन्यूल्स कोमट नाही, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, मग थंड पाण्यात दोनदा धुवून घट्ट पिळायचे, नाहीतर तो सोयाचा वास जात नाही. कोरडेच तेलावर परतायचे रंग येईस्तोवर. त्यात मूठभर शिजलेले अख्खे मसूर घालते म्हणजे नुसतं रबर चावल्यासारखं होत नाही, आणि अक्रोड असतील तर जाडसर कुटून. बाकी खारीताईंचीच कृती, वूस्टर सॉससकट. पोरं दोन दोन खातात.

रानवारा
लाडू, वूस्टर सॉसची बाटली एकदा वाचून बघ गं. ली अँड पेरिन्सच्यात अँचोवी असतात. मासे.

मुगाचा_लाडू
काय???

मुगाचा_लाडू
वाचली. आहेत. साबा (सासूबाई) इथे आल्यात एप्रिलपासून, माळकरी आहेत, आणि त्यांना तोच पदार्थ सगळ्यात जास्त आवडलाय. आता काय सांगू

ठाकुर्लीचा_बाळ्या
काही सांगू नका. बाटली बदला.

आजोळची_वाट
सांगायचं बाई. मी सांगितलं असतं. ज्याचा त्याचा नेम असतो.

सुगरण_नाहीच_मी
भारतात मिळणाऱ्या काही बाटल्यांवर हिरवा ठिपका असतो, त्यात मासे नसतात. अमेरिकेतही व्हीगन लिहिलेल्या मिळतात, नीट लेबल बघून घ्यायचं.

चिंचगूळ
माझं आयडी बघून तरी मला आधी विचारायचं 😀 त्या सॉसमध्ये चिंच असतेच मुळात! व्हिनेगर, मोलॅसिस, चिंच, कांदा, लसूण. आपण पुण्यात ती बाटली आणतच नाही. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, एक चमचा सोया सॉस आणि चिमूटभर लवंगेची पूड. ब्राउन शुगर मग निम्मी करायची किंवा नाहीच, गुळाने काम होतं. कोळ घातला की मीठ शेवटी, कारण सोया सॉस खारट असतो. आणि आपल्याकडच्या केचपमध्ये साखर भरपूर असते, म्हणून मी अर्धं केचप आणि अर्धी ताज्या टोमॅटोची प्युरी घेते. प्युरीचा कच्चेपणा जाईपर्यंत आधी आटवा मात्र.

ढोबळी मिरची घरात नव्हती म्हणून एकदा पोपटी मिरच्या चिरून घातल्या, तेव्हापासून त्याच.

मुगाचा_लाडू
चिंचगूळ देव भलं करो तुझं. आज संध्याकाळीच करते.

बिऱ्हाड_ओमाहा
फोनवरून लिहितेय, पोळ्या चालू आहेत, चुकलं तर सांभाळून घ्या. मिडवेस्टात मे-जून आला की हायस्कूल ग्रॅज्युएशनच्या पार्ट्या, गराजमध्ये टेबलं मांडून, आणि प्रत्येक घरी स्लो कुकरमध्ये हाच पदार्थ, शेजारी चिप्स आणि फळं, एका शनिवारी तीन तीन घरी जायचं म्हंजे तिन्हीकडे तेच खायचं. आमच्या लेकीच्या वेळेला मी हट्टाने छोले आणि पुलाव ठेवला आणि एका कोपऱ्यात टर्कीचा जो. छोले संपले आधी!! पण जो पण गेला. स्लो कुकरमध्ये कच्चा खिमा थेट टाकू नका, गोळे होतात, आधी कढईत परतून फोडून मग टाका. फोडायला पावभाजीचा मॅशर घ्या, त्यासारखं काही नाही. पोळी करपली थांबा

रानवारा
मॅशरला +१००

आजोळची_वाट
पोळीचं काय झालं?

बिऱ्हाड_ओमाहा
कुत्र्याला दिली. खुश आहे.

वैद्यबुवा_नव्हे
दोन गोष्टी, कुणी विचारलं नसलं तरी. खिमा हा अख्ख्या तुकड्यासारखा नसतो, दळताना बाहेरचे जंतू आत मिसळतात, म्हणून आत गुलाबी वगैरे चालत नाही. बीफ, लँब, बकरा असेल तर १६० फॅरनहाइट (७१ सेल्सियस), चिकन-टर्की १६५ (७४). या पदार्थात तसं ते होतंच, पण मोठ्या पार्टीत घाईघाईने करतात तेव्हा मधला भाग बघा. दुसरं म्हणजे उरलेलं रात्रभर ओट्यावर ठेवू नका, दोन तासांच्या आत फ्रिजात. फ्रीझरमध्ये मस्त टिकतो, दोन-तीन महिने सहज.

आणि ८०-२० चा (वीस टक्के चरबीचा) खिमा घेतला तर सुटलेलं तेल काढून टाका, सिंकमध्ये नको.

सुगरण_नाहीच_मी
हे सिंकचं माझ्या नवऱ्याला फ्रेम करून देते. गेल्या थॅंक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी ओतलं त्याने, वर गरम पाणी सोडलं "वाहून जाईल" म्हणून. प्लंबरने सुट्टीचे दर लावले. आता ओट्यावर एक रिकामी बरणी असते, त्यावर मोठ्या अक्षरात त्याचं नाव.

म्हापशाचो_पाव
आमच्या गोव्यात चोरीस-पाव (तिखट सॉसेज पावात) असताना हे करायचं कशाला असं मला वाटायचं. मग बहिणीची मुलं सुट्टीत आली, त्यांना चोरीस तिखट लागतो, रडायला लागली. तेव्हा केला पहिल्यांदा. पण बन नाही हां, पोदेराकडची (पाववाल्याकडची) सकाळची पोयी, कोंड्याची, आत पोकळ असते, खिशासारखी उघडायची आणि भरायची. रस्सा खाली गळत नाही, हात स्वच्छ. मुलांच्या हट्टापायी जरासा चोरीसचा तुकडा परतून घालतो आता, माळेतले दोन मणी एवढाच, पूर्ण भांड्याला धूर-व्हिनेगरचा वास येतो. त्यात मग वेगळं व्हिनेगर लागत नाही, मोहरीपण नाही.

ठाकुर्लीचा_बाळ्या
पोयीत भरून... भाऊ पत्ता द्या

म्हापशाचो_पाव
ये शुक्रवारच्या बाजाराला, चोरीसच्या माळा पण घेऊन जा.

कणसाची_रास
आयोवा निघालंच आहे तर मस्कटीनचं मेड-राइट कुणी कसं नाही काढलं? १९२६ पासूनचं आहे. तिथे सुटा खिमा बनमध्ये भरून देतात, केचपचा रस्सा अजिबात नाही, नुसता वाफवलेला खिमा, कांदा, लोणचं, मोहरी, आणि सोबत चमचा देतात कारण निम्मं खाली पडतंच. स्लॉपी जोचा कोरडा चुलतभाऊ. माझा रूममेट सू सिटीचा, तो शपथेवर सांगायचा की जो आमच्याच गावचा. की वेस्टला गेलो तर तिथला बारवाला म्हणे आमचा.

जास्वंदी
की वेस्टचं स्लॉपी जोज बघितलंय आम्ही! १९३३ चा बार, दारूबंदी उठली त्या वर्षीचा. हेमिंग्वे तिथे बसायचा. दर जुलैत हेमिंग्वेसारखं दिसण्याची स्पर्धा असते, सगळे पांढऱ्या दाढीचे गुटगुटीत आजोबा. आम्ही नेमके त्याच दिवसांत, आणि माझ्या सासऱ्यांना लोक थांबवून फोटो मागत होते. त्यांना वाटलं भारतीय म्हणून आदर करतायत.

नेवार्कचे_नाना
😂😂 फोटो टाका

जास्वंदी
सासरे पण वाचतात इथे. नको.

आजोळची_वाट
माझ्या मुलाला शाळेत मिळायचा, ट्रेमध्ये, मक्याचे दाणे आणि दूध. घरी येऊन म्हणायचा तसाच कर, आणि मी कितीही चांगला केला तरी "शाळेसारखा नाही". शेवटी त्याच्या मित्राच्या आईने सांगितलं, तुझं मांस फार चांगलं आहे, डब्याचा सॉस घे आणि सगळ्यात स्वस्त बन आण. आणला. पहिल्या घासाला पोरगं म्हणालं "आई, आत्ता जमलं". तीन तास राबून केलेल्या पुरणपोळीला असं कधी म्हणाला नाही.

खमंग_खारी
अगं म्हणून तर मॅनविच १९६९ पासून खपतोय. डब्यात नुसता सॉस, खिमा आपला. मी घेतला आज एक, लेक कॉलेजातून येणारे, तिला पण हीच चव लागते. मी आतून चिमूटभर लाल तिखट आणि दोन लसूण पाकळ्या घालणार, तिला कळणार नाही.

रानवारा
कळतं. सांगितलं ना नवऱ्याचं.

बिऱ्हाड_ओमाहा
खारी, त्या आज्जी आहेत का गं अजून?

खमंग_खारी
आहेत! ॲरिझोनाला लेकीकडे गेल्या, बर्फाचा कंटाळा आला म्हणे. ख्रिसमसला कार्ड येतं, मी दिवाळीला चिवडा पाठवते. चिवड्यातले शेंगदाणे वेचून आधी खातात असं लेकीने कळवलंय.

कणसाची_रास
पोस्टाने चिवडा मऊ नाही पडत? मला भावाला पाठवायचाय सिएटलला

खमंग_खारी
पोहे आधी उन्हात, नसेल ऊन तर ओव्हनमध्ये अगदी मंद, आणि झिपलॉकची हवा काढून डबल पिशवी. दगडी पोह्यांचा पाठव, पातळ पोह्यांचा चुरा होतो.

मुगाचा_लाडू
रिपोर्ट द्यायला आले. चिंच-गुळाचा केला. खारीताईंच्या कृतीपेक्षा रंग गडद आला, चव जवळजवळ तीच, थोडी आपल्या वळणाची. साबांना सॉसचं सगळं खरं सांगितलं. दोन मिनिटं गप्प होत्या, मग म्हणाल्या अजाणता झालं, माऊलींना समजतं. बन दुसरा मागितला. वर म्हणाल्या यात थोडी बारीक शेव हवी होती.

चिंचगूळ
शेव!! साबांना माझा नमस्कार सांग. शेव अगदी खाताना घालायची हां, आधी नको.

ठाकुर्लीचा_बाळ्या
झाली की मिसळ

रानवारा
बाळ्या तू जेवलास का रे आज? कधीपासून इथेच दिसतोयस

ठाकुर्लीचा_बाळ्या
बायको माहेरी गेलीय. अर्धा किलो चिकन खिमा आणून ठेवलाय, ढोबळी मिरची नाही, मोहरीची बाटली नाही, पाव कालचे. चालेल का?

चिंचगूळ
चालेल. पाव बटर लावून तव्यावर दाबून शेक, कालचेच बरे, ताजे लगेच भिजतात. मोहरीचे दाणे चमचाभर कुटून व्हिनेगरमध्ये भिजव. खिमा आत्ता लाव आणि बायकोला फोटो पाठव.

ठाकुर्लीचा_बाळ्या
व्हिनेगर कुठे ठेवलंय ते तिलाच विचारावं लागेल