गुरं मांसासाठी कितव्या वर्षी कापतात?

मडगावची सून: शेजारची आंटी म्हणते, इथलं बीफ दोन तास शिजवलं तरी चिवट, नि परदेशातलं पटकन शिजतं. वयाचा फरक असतो का?

गोठेवाला, सत्तरी: वयाचाच, ताई. तिकडे मांसाच्या जातींचे बैल साधारण दीड-दोन वर्षांत कापतात, युरोपात व्हीलचं, म्हणजे कोवळ्या मांसासाठीचं वासरू तर आठ महिन्यांच्या आतलं. आपल्याकडे मांसासाठी म्हणून गुरं पाळतो कोण? नांगराला जन्म गेलेला बैल, नाहीतर म्हातारा रेडा. मग मांस चिवट होणार नाही तर काय!

फोंडेकर: वय कळतं कसं? जन्मदाखला थोडाच असतो!

गोठेवाला, सत्तरी: दात बघायचे. खालचा ओठ ओढला की पुढचे आठ दात दिसतात, वर नुसती हिरडी. दुधाचेच असतील तर आदत. दोनदाती, म्हणजे दोन पक्के दात आलेलं, ते दोनेक वर्षांचं; आठही पक्के आले की जुळलं, म्हणजे चार-पाच वर्षं. पुढे झीज बघून अंदाज. दलाल झिजल्या दातांनाही 'नुकतंच जुळलंय' म्हणतो, ते सोडा.

फोंडेकर: आणि गाय?

गोठेवाला, सत्तरी: गोव्यात १९७८ च्या कायद्याने गोहत्याबंदी आहे. बैल-रेड्यांना १९९५ चा कायदा: काम, पैदास, दूध यांना निरुपयोगी असा दाखला मिळाला तरच कापता येतात. धडधाकट तरणा बैल त्यात बसणार कसा? आंटीला सांगा, कुकर लावा.