नेटवर शोधायला तुम्ही कसे शिकलात?

निळी_शाई
कपाट आवरताना जुनी वही सापडली. सायबर कॅफेत तासाचे पैसे पडायचे, म्हणून प्रश्न घरूनच लिहून न्यायचे, उत्तर मिळालं की पुढे खूण. एका पानावर "क्रेन पक्षी" तीनदा खोडलंय. अल्टाव्हिस्टा या शोधयंत्रावर क्रेन टाकलं की वजनं उचलणारी यंत्रंच यायची. शेवटी कॅफेतला मुलगा म्हणाला, ताई, नको त्या शब्दाला वजा लावा, पण चिकटवून, मध्ये जागा नको. यंत्रं गेली, पक्षी आले! तुमचं सांगा.

रिकामटेकडा
अल्टाव्हिस्टा!! १९९५ चं ते. २०१३ मध्ये बंद झालं तेव्हा उगाच वाईट वाटलं. वापरणं कधीच सोडलं होतं म्हणा.

गोधडी
आईला कवितेची एक ओळ आठवत होती, मधला एक शब्द सोडून. ओळ अवतरणचिन्हात घातली, विसरलेल्या शब्दाच्या जागी चांदणी (*), म्हणजे इथे कुठलाही शब्द चालेल. तरी काही नाही. मग आई म्हणते, "अगं, पहिला शब्दही तो नसेल कदाचित." कपाळ! अवतरणचिन्हात एक अक्षर चुकलं तरी संपलं. शेवटी फक्त खात्रीचे तीन शब्द टाकले, मिळाली. आईने पूर्ण वाचली नि म्हणाली, मला वाटत होती तेवढी चांगली नाही.

काकू_ऑनलाइन
😂 आई रॉक्स. कुकर लावलाय, नंतर लिहिते

खडूफळा
मशीनचं माहितीपुस्तक हरवलं तर मॉडेल नंबर टाकून पुढे फाइलटाइप:पीडीएफ लिहा. दुकानांची गर्दी कमी होते.

भुईनळा
लिहिलं, काहीच येत नाही

खडूफळा
मराठीत लिहिलंत का काका? ते दोन शब्द इंग्रजीत हवेत

भुईनळा
बरं बरं. आलं. चुकून फ्रिजचं आलं.

उंबरठा
माझा अनुभव वाईट आहे. कार्ड अडकलं म्हणून हेल्पलाइन शोधली, सगळ्यात वरचा नंबर लावला. तो भामट्याचा होता. बोलता बोलता ओटीपी दिला. वर बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं नंतर दिसलं. नंबर कार्डाच्या मागेच छापलेला असतो, ते तेव्हा सुचलंच नाही. अजून घरी कुणाला सांगितलं नाहीये.

गोधडी
अरे देवा. तुमची चूक नाही हो, घाबरलेल्या माणसाला बारीक अक्षर कुठलं दिसतंय. घरी सांगून टाका.

काकू_ऑनलाइन
आले. उंबरठा, माझ्या दिरांचंही अगदी हेच झालंय.

पाटीपेन्सिल
जुनी मराठी पानं का सापडत नाहीत, यावर मी महिनाभर डोकं फोडलंय. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठी अक्षरं साठवायची एकच पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये आपल्याला दिसायचा "क", आत साठवलेलं असायचं रोमन अक्षर. शोधयंत्राला तो लेख म्हणजे नुसती गिचमिड. लेख आहे, पण मराठीत हाक मारली तर ओ देत नाही. पानाचा पत्ता माहीत असेल तर वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या साइटवर, टाकून बघा. २००१ पासून ते लोकांसाठी खुलं आहे, मेलेली पानंही कधीकधी भेटतात.

रिकामटेकडा
मी परवा एक अडचण शोधली. एकच उत्तर मिळालं. ते मीच सहा वर्षांपूर्वी लिहिलेलं, आणि चुकीचं.

काकू_ऑनलाइन
शाई, ती वही टाकू नकोस गं. अक्षर कसं आहे?

निळी_शाई
गिचमिडच! शेवटच्या प्रश्नापुढे खूण नाही. पाणी सांडलंय, "चंद्र" एवढंच दिसतंय.

गोधडी
पुढे चांदणी टाक 😄